कारभारी निर्मळ गाढवावर बसले

लग्नसराईत अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यात कुठं वरात निघाली आणि घोडीच्या पुढं एक उंच, सुकडा माणूस क्लॅरोनेट वाजवत उलटा चालताना दिसला, की लोक लांबूनच ओळखत : हे खडकगव्हाणचे कारभारी निर्मळ. उलटे म्हणजे तोंड घोडीकडं आणि पाठ रस्त्याकडं. बँडातले बाकीचे सरळ चालत. कारभारींचं म्हणणं असं, की घोडी बिथरण्याआधी तिचे कान बोलतात, आणि कान बघायचे तर तोंड तिकडंच पाहिजे. एखाद्या घोडीचा कान मागं दुमडला की ते चालू गाणं तिथंच सोडून काहीतरी संथ धरत. नवरदेवाला वाटे, बँडवाले थकले. त्याचं मोडता मोडता वाचलेलं मनगट त्याला कधी कळत नसे.

बँडाचं नाव शालोम ब्रास बँड. तो कारभारींच्या वडिलांनी, शांतवन निर्मळांनी उभा केला होता. नाल्यापलीकडं ख्रिस्ती वस्ती, वस्तीत पत्र्याचं छोटं देवमंदिर, आणि मंदिराला लागून बँडाची खोली. सणाला भजनं आणि लग्नसराईत वराती, असा तो बँड दोन्हीकडं राबायचा.

इतकी वर्षं घोडीपुढं चाललेला हा माणूस घोडीवर मात्र कधी बसला नाही. त्यांचं आणि मालनबाईंचं लग्न झालं तेव्हा जोडपं बैलगाडीतून घरी आलं होतं. जनावराच्या पाठीवर कारभारी पहिल्यांदा बसले, ते आपणहून नव्हे.

गावातले मोठे शेतकरी रामकिसनअण्णा. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्या विहिरीवरची पाण्याची मोटार एका पहाटे गायब झाली. त्याच पहाटे कारभारी तीर्थपुरीची वरात उरकून पायवाटेनं घरी येत होते आणि त्यांच्या खांद्यावर क्लॅरोनेटची काळी पेटी होती. कुणीतरी ती पेटी लांबून पाहिली. एवढंच पुरलं. पेटीत पाण्याची मोटार मावत नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं असेल तर कुणी बोललं नाही. चावडीपुढं माणसं जमली. तव्याची काजळी तेलात कालवून कारभारींच्या तोंडाला फासली, गळ्यात चपला बांधल्या, कुंभाराचं गाढव आणलं आणि त्यांना उचलून वर बसवलं.

धिंडीला वाजंत्री पाहिजे म्हणून अंगदला ओढून आणलं. अंगद हा कारभारींचा चुलत भाऊ, बँडात हलगी वाजवायचा. नुकतं लग्न झालेलं पोरगं ते. दोघांनी त्याचे दंड धरले आणि हलगी गळ्यात अडकवली. अंगदनं एकदा कारभारींकडं पाहिलं, मग मान खाली घालून वाजवायला सुरुवात केली. चावडीपासून वेशीपर्यंत आणि वेशीपासून ख्रिस्ती वस्तीपर्यंत तो वाजवत राहिला.

वस्तीतल्या ख्रिस्ती मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी कारभारींना पोलिसात जाऊ दिलं नाही. "आपल्याला हितंच ऱ्हायचंय," ते म्हणाले. काही महिन्यांनी परजिल्ह्यात मोटारी चोरणारी टोळी सापडली. तिच्याकडच्या मालात रामकिसनअण्णांची मोटारही निघाली. अण्णांनी ती आणून परत विहिरीवर बसवली. उसाला पाणी सुरू झालं. कारभारींकडं मात्र कुणी आलं नाही.

त्यानंतर कारभारी चावडीपुढच्या रस्त्यानं कधी गेले नाहीत. एसटी धरायची असो की दळण आणायचं असो, ते नाल्याच्या कडेकडेनं, शिंदीच्या झाडांतून लांबचा फेरा घेत. पावसाळ्यात तिथं गुडघाभर चिखल व्हायचा, तरी तिकडूनच. गावातली वरातही त्यांनी परत कधी घेतली नाही. अंगदनं हलगी खुंटीला टांगली आणि तो अंकुशनगरला साखर कारखान्याच्या आवारात कामाला लागला. रविवारी उपासनेला यायचा तेव्हा दाराजवळ बसायचा. कारभारी पुढं खिडकीपाशी बसत. दोघांचं भांडण कधी झालं नाही. भांडण झालं असतं तर कुणीतरी समेट तरी घडवला असता.

मालनबाईंना एक गोष्ट ठाऊक होती, जी मंडळीत कुणाला ठाऊक नव्हती. संध्याकाळी हातपाय धुऊन कारभारी पवित्र शास्त्र उघडत, ते नेहमी शेवटाकडून. प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात आकाश उघडतं आणि पांढरा घोडा दिसतो, तिथं त्यांचं बोट थांबे. त्या घोड्यावर बसलेला न्याय करतो, त्याच्या तोंडातून धारदार तलवार निघते, राष्ट्रंच्या राष्ट्रं त्याच्यापुढं आडवी होतात. कारभारींना घोडा ओळखीचा होता. त्याची आयाळ, नाकपुड्यांतून निघणारी वाफ, जमीन उकरणारा खूर हे सगळं त्यांना डोळ्यांपुढं दिसे. आणि तो घोडा त्यांच्या मनात कुठल्या आभाळातून यायचा नाही, खडकगव्हाणच्या वेशीतून यायचा आणि चावडीपुढं येऊन उभा राहायचा. पुढं काय व्हायचं ते कारभारी कुणाला सांगत नसत.

झावळ्यांचा रविवार आला की मात्र त्यांचं डोकं दुखायचं. त्या दिवशी पाळक येशूच्या यरुशलेमातल्या प्रवेशावर बोलत, लोक शिंदीच्या झावळ्या हलवत, पोरं होसान्ना म्हणून जयजयकार करत, आणि त्या सगळ्या गोष्टीच्या मधोमध येशूला पाठीवर घेऊन चाललेलं एक गाढव असे. कारभारी घरात आढ्याकडं बघत पडून राहत. पाळक बदलत गेले. झावळ्यांच्या रविवारी निर्मळकाका आजारी असतात, एवढं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं.

मागच्या साली सुमित साळवे नावाचे तरुण पाळक आले. जालन्याकडचे, बोलायला मोकळे, कामाला उत्साही. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाल्यावर त्यांनी मंडळीची बैठक बोलावली.

"दरवर्षी आपण झावळ्या घेऊन मंदिराभोवतीच फिरतो," ते म्हणाले. "यंदा वस्तीतून निघू, वेशीतून आत जाऊ, चावडीपुढून फिरून परत येऊ. गावानं परवानगी दिली आहे. आणि मला वाटतं, खरंखुरं गाढव आणावं. एकानं येशू होऊन त्यावर बसावं."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. पाळकांना वाटलं, लोकांना लाज वाटते आहे.

मंडळीतले एक वडीलधारे घसा खाकरून म्हणाले, "पास्टरसाहेब, गाढव नको. गाव हसंल. त्यापेक्षा वरातीची पांढरी घोडी आणू. राजा हाय आपला. राजा घोड्यावर बराबर दिसंल."

"राजाच आहे, म्हणूनच गाढव," पाळक म्हणाले. "घोडा लढाईचा. रथाला जुंपायचा, नगरं जिंकायचा. अबशालोमाला बापाचं राज्य हिसकवायचं होतं, तर त्यानं आधी काय केलं? रथ आणि घोडे जमवले. आणि त्याच्या भावाला, शलमोनाला, त्याच बापानं आपल्या हातानं राज्य दिलं, तेव्हा तो बापाच्या खेचरावर बसून अभिषेकाला गेला. जखऱ्या संदेष्टा सांगतो, तुमचा राजा गाढवीच्या शिंगरावर बसून येईल, आणि लगेच पुढं म्हणतो, यरुशलेमातले लढाईचे घोडे नाहीसे होतील. राजा गाढवावर दिसला की लोकांनी समजायचं, हा कुणाला मारायला आलेला नाही."

पाळक आणखी बोलले असते, पण दाराजवळचा अंगद उठला आणि चपला न घालताच बाहेर निघून गेला. कारभारी खिडकीतून बाहेर बघत होते. मग तेही उठले. त्यांच्या मागं मालनबाई उठल्या, आणि दारात थांबून पाळकांना हळू आवाजात म्हणाल्या, "तुमाला कुणी सांगितलं न्हाई, त्यात तुमची चूक न्हाई."

दुसऱ्या दिवशी पाळक निर्मळांच्या घरी आले. रात्री त्यांना मंडळीतल्या लोकांनी सगळं सांगितलं होतं. खाटेवर बसायला सांगितलं तरी ते बसेनात.

"काका, मला माफ करा. गाढव नको आणि मिरवणूकही नको. आपलं मंदिरातच करू."

"बसा तर," कारभारी म्हणाले. मालनबाईंनी पाणी आणून दिलं. मग कारभारींनी विचारलं, "एक सांगा. त्याला बळजबरीनं बसवल्तं का कुणी?"

"कुणाला?"

"येशूला. गाढवावर."

"नाही. त्यानं स्वतः दोन शिष्य पाठवून मागवलं. अमक्या ठिकाणी बांधलेलं आहे, सोडून आणा म्हणाला."

"आणि लोक हसले का?"

"त्या दिवशी नाही. त्या दिवशी अंगरखे अंथरले. पण त्याच आठवड्यात शिपाई हसले. जांभळा झगा घातला, काट्यांचा मुकुट घातला, गुडघे टेकून राजा म्हणाले आणि तोंडावर थुंकले."

"म्हंजे त्याची बी धिंड झाली."

"झाली."

कारभारींनी मान हलवली. "पास्टरसाहेब, तुमी काल घोड्याचं बोलले. मी तर त्या घोड्याचीच वाट पाहून राह्यलो. पांढऱ्या. शेवटच्या पुस्तकातल्या. तुमी म्हणता राजा मारायला येत न्हाई. मंग त्यो घोडा कशाला येतोय?"

हा प्रश्न पाळकांना कधी कुणी असा विचारला नव्हता. त्यांनी पिशवीतून आपलं पुस्तक काढलं, पण उघडलं नाही.

"येतो तोच. गाढवावर बसला होता तोच घोड्यावर आहे. न्याय करायलाच येतो, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण त्याच्या झग्याला लढाईच्या आधीच रक्त लागलेलं आहे, हे वाचलंत ना? ते कुणाचं, यावर जाणत्यांचं एकमत नाही. काही म्हणतात शत्रूचं. मला वाटतं, त्याचं स्वतःचं. आणि तलवार त्याच्या हातात नाही, तोंडात आहे. म्हणजे तो बोलणार. जे झालं ते जसं झालं तसं बोलणार. एवढंच मला कळतं, काका."

"मोठ्यानं बोलंल का?"

"सगळ्यांना ऐकू जाईल असं."

पाळक गेल्यावर कारभारी जेवले नाहीत. मालनबाईंनी ताट झाकून ठेवलं. या बाबतीत घरात इतकी वर्षं कुणी बोललंच नव्हतं.

त्या आठवड्यात एका सकाळी कारभारी रामप्रसाद कुंभाराच्या वीटभट्टीवर गेले. गाव सोडून थोडं पुढं, ओढ्याच्या काठी ती भट्टी होती. रामप्रसाद विटा रचत होता. धिंडीचं गाढव त्याच्या बापाचं होतं. बापही गेला होता आणि ते गाढवही. कारभारींना बघून त्याच्या हातातली वीट हातातच राहिली.

"कारभारीभाऊ, तुमी? हिकडं?"

"गाढव बघायला आलो."

रामप्रसादनं हात केला. बाभळीच्या सावलीत एक करडी गाढवी उभी होती. तिच्या पाठीवर गोण्यांनी घासून घासून केस गेलेले दोन पट्टे पडले होते. खांद्यावर, सगळ्याच गाढवांना असते तशी, आडवी काळी रेघ. कारभारी तिच्यापुढं उभे राहिले आणि सवयीनं त्यांनी तिचे कान बघितले. कान पुढं होते. ती भ्यालेली नव्हती.

त्यांनी हात तिच्या मानेवर ठेवला, आणि तेव्हा त्यांना ते आठवलं. इतकी वर्षं त्यांना काजळीचा वास आठवे, हलगी आठवे, वरून खाली दिसणारी ओळखीच्या माणसांची डोकी आठवत. हे मात्र कुठंतरी खाली दबून राहिलं होतं. त्या दिवशी धिंड वस्तीत शिरली, निर्मळांच्या घरापुढं आली. मालनबाई दारात उभ्या होत्या. आणि तिथं गाढव थांबलं. लोकांनी हाकललं, ते हललं नाही. काठीनं मारलं, ते हललं नाही. शेपूट पिरगाळलं. चारी पाय रोवून ते नुसतं उभं राहिलं, मार खात. प्रत्येक तडाख्यासरशी त्याच्या पाठीचं कातडं थरथरे ते कारभारींना मांड्यांखाली कळत होतं. शेवटी लोकच कंटाळले, त्यांना खाली ढकललं आणि पांगले.

बलामाच्या गाढवीची गोष्ट कारभारींनी लहानपणापासून ऐकलेली. वाटेत देवदूत तलवार उपसून उभा असतो. शहाण्या बलामाला तो दिसत नाही, गाढवीला दिसतो. ती थांबते, भिंतीला घसटते, खाली बसते, आणि बलाम तिला मारत राहतो. पोरं या गोष्टीला हसत, कारण शेवटी गाढवी बोलते. कारभारींना त्या सकाळी हसू आलं नाही. त्या दिवशी अख्ख्या गावात थांबलं ते एक जनावर, असं त्यांच्या मनात आलं. आणि मी इतकी वर्षं त्याचाच राग धरला.

"रामप्रसाद," ते म्हणाले, "झावळ्यांच्या रविवारी ही मला पायजे. मला बसायचंय."

रामप्रसादच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाऊ, माझा बाप मरेपर्यंत म्हणायचा, त्या दिवशी गाढव द्यायला नको व्हतं. त्याला बी धमकी दिल्ती."

"व्हय. सगळ्यांनाच दिल्ती."

हे बोलून झाल्यावर त्यांना अंगद आठवला. ते तिथूनच फाट्यावर गेले, जीप धरली आणि अंकुशनगरला उतरले. गाळप संपत आलं होतं, आवारात मळीचा आंबूस वास भरून राहिला होता. अंगद नळीनं पाणी मारत होता. कारभारींना बघून त्यानं नळी खाली टाकली. पाणी नुसतं वाहत राहिलं.

"दादा, घरी सगळं बरं हाय ना? वैनी?"

"बरी हाय. रविवारी मी गाढवावर बसणार हाय. हलगी पायजे."

अंगद मागं सरकला. "न्हाई. दादा, न्हाई. माझ्या हातानं आता न्हाई वाजणार. त्या दिवशी मी..."

"तुझी बायको पोटुशी व्हती. मला ठाऊक व्हतं."

"तरी मी हात राखायला पायजे व्हता. मी हळू बी वाजवलं न्हाई, दादा. भीतीनं जोरात वाजवलं."

कारभारींना हे ठाऊक होतं. ते त्यांना सगळ्यात जास्त लागलं होतं, आणि ते कधी कुणाला बोलले नव्हते. आता अंगदच्या तोंडून ते ऐकून त्यांना वाटलं, आत कुठंतरी गच्च आवळलेलं काहीतरी जरा सैल झालं. त्यांनी वाकून नळ बंद केला.

"हलगी शेकून ठेव," ते म्हणाले. "चामडं ढिलं पडलं असंल."

झावळ्यांच्या रविवारी ऊन लवकरच तापलं. रामप्रसादनं गाढवीला ओढ्यावर नेऊन धुतलं होतं आणि पाठीवर चौपदरी घडी केलेली गोधडी टाकली होती. पाळकांनी पांढरा झगा आणि दोरीची दाढी आणली होती. कारभारींनी दोन्हींना हात लावला नाही.

"मी येशू न्हाई, पास्टरसाहेब. मला झगा नको. मी कारभारी निर्मळ म्हणून बसतो. ज्याला कळायचं त्याला कळंल."

पाळकांनी झगा घडी करून ठेवून दिला. कारभारींनी आपला बँडातला लाल कोटही नको म्हटला. धुवट पायजमा आणि सदरा घालून, दगडावर पाय ठेवून ते आपणहून गाढवीवर चढले. रामप्रसादनं दोरी धरली. मालनबाई उजव्या अंगाला उभ्या राहिल्या. पुढं अंगद हलगी घेऊन, त्यापुढं झावळ्या धरलेली पोरंबाळं, मागं सगळी मंडळी.

अंगदनं पहिली थाप मारली तेव्हा कारभारींचं सगळं अंग आखडलं. त्यांना वाटलं, उतरावं. गाढवीचा एक कान मागं वळला. वरचा माणूस घाबरला की घोडी घाबरते हे त्यांनी नवरदेवांना किती वेळा सांगितलं होतं. त्यांनी मांड्या सैल सोडल्या, श्वास घेतला. कान परत पुढं गेला. मग अंगदची हलगी धिंडीची चाल सोडून भजनाच्या चालीवर आली, पोरांनी होसान्ना उचललं आणि मिरवणूक वेशीत शिरली.

गाव बघायला बाहेर आलं होतं. जुन्या माणसांनी कारभारींना गाढवावर पाहिलं आणि त्यांचे चेहरे बदलले. काही आत निघून गेले. पारावरचा एक तरुण मोबाईल धरून हसला. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याचा हात खाली दाबला आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो परत हसला नाही. कारभारी कुणाकडं रागानं बघत नव्हते आणि नजर चुकवतही नव्हते. चावडीपुढचा रस्ता ते इतक्या वर्षांनी बघत होते. तिथं आता सिमेंटचे ब्लॉक बसवले होते. लिंब होता तो तोडला होता. हे सगळं कधी झालं ते त्यांना ठाऊकच नव्हतं.

रामकिसनअण्णांचं घर चावडीच्या बाजूलाच. अण्णा ओट्यावर खुर्चीत बसले होते. त्यांना मध्ये अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, एक हात मांडीवर निपचित पडलेला. मिरवणूक जवळ आली तसे ते खाली बघायला लागले. आतून त्यांच्या पत्नी उषाबाई आल्या. त्यांच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता. दारावरून कुठलीही दिंडी, कुठलाही देव गेला की त्या जसं करत, तसंच त्यांनी केलं. रस्त्यावर येऊन त्यांनी गाढवीच्या पुढच्या पायांवर पाणी घातलं. मग डोक्यावरचा पदर सावरून कारभारींकडं वर बघितलं.

सगळे थांबले. अंगदची हलगी थांबली. कारभारींनी हात जोडले. उषाबाई बाजूला झाल्या. अण्णांनी मान वर केली नाही.

मिरवणूक वस्तीत परत आली. निर्मळांच्या घरापुढं कारभारी उतरले, आणि पाय टेकताच खाली बसले. मालनबाईंनी गाढवीला आधी पाणी दाखवलं, मग त्यांना दिलं. त्या दिवशी देवमंदिरात अंगद पुढच्या खिडकीपाशी बसला. कारभारींनी त्याला तिथं ओढून बसवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून कारभारी चावडीपुढून जायला लागले. काही लोक बोलत, काही बोलत नसत. गाव एका दिवसात बदलत नाही, आणि कारभारींनाही तशी अपेक्षा नव्हती. संध्याकाळच्या वाचनात त्यांचं पवित्र शास्त्र आता कुठंही उघडे.

पावसाळा उतरल्यावर एकदा ते वडीगोद्रीच्या फाट्यावर एसटीची वाट बघत होते. हॉटेलाच्या बाकड्यावर रामकिसनअण्णा बसले होते. मुलगा औषधं आणायला गेला होता. अण्णांनी चांगल्या हातानं खूण केली.

"कारभारी, बस जरा."

कारभारी बसले.

"ती मोटार तू नेली नव्हतीस," अण्णा म्हणाले. झटक्यानंतर त्यांचं बोलणं जड झालं होतं.

"मला ठाऊक हाय, अण्णा."

"मला बी ठाऊक व्हतं." अण्णांनी श्वास घेतला. "त्याच दिवशी. काजळी लावताना तू माझ्याकडं पाह्यलं, तवाच वाटलं, ह्यो त्यो माणूस न्हाई. पर लोक जमल्ते. मला थांबवता आलं न्हाई." मग म्हणाले, "म्हंजे मी थांबवलं न्हाई."

कारभारींच्या डोक्यात रक्त चढलं. टोळी सापडल्यावर यांना कळलं असेल, असं ते धरून चालले होते. त्याच दिवशी! ते उठून उभे राहिले. निघून जावं असं त्यांना वाटलं, आणि अण्णांचा तो निपचित हात धरून हलवावा असंही वाटलं. दोन्ही त्यांनी केलं नाही. हॉटेलवाल्यानं न सांगता चहा आणून ठेवला होता. तो तसाच निवत होता.

"लई उशीर केला, अण्णा."

"व्हय."

"मला सांगितलं, बरं झालं. पर एक करा. मालनला येऊन सांगा. मी वर बसल्तो, मला निम्मंच दिसलं. ती दारात उभी व्हती. तिनं सगळं पाह्यलं."

अण्णांनी मान हलवली. कारभारींना वाटलं, हा माणूस काही यायचा नाही.

पण पुढच्या आठवड्यात अण्णा आले. काठी टेकत, दर चार पावलांवर थांबत, एकटे आले. ख्रिस्ती वस्तीत आपल्या पायांनी ते आयुष्यात पहिल्यांदाच आले असतील. मालनबाई शेंगा निवडत होत्या. त्या उठून दारात उभ्या राहिल्या. अण्णांनी जे फाट्यावर सांगितलं होतं तेच, अडखळत, पुन्हा सांगितलं. सांगून झाल्यावर अण्णांनी हात जोडायचा प्रयत्न केला. एकच हात वर आला.

"बसा," मालनबाई म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी पाणी आणलं. अण्णांनी ते घेतलं आणि प्यायले. मालनबाई चुलीकडं तोंड करून उभ्या होत्या, पदर तोंडावर धरून. कारभारी उठून त्यांच्याजवळ गेले, पण त्यांनी हातानंच लांब राहा म्हटलं.

अण्णा जायला उठले तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. मालनबाई बाहेर आल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते, आवाज मात्र नेहमीसारखा होता.

"असं उन्हात पायी जाऊ नका. पडाल कुठंतरी." मग सुट्टीला शेजारच्या आपल्या घरी आलेल्या अंगदला त्यांनी हाक मारली, "अंगदभाऊजी, गाडी काढा. ह्यांना घरी सोडून या."

अंगदनं मोटारसायकल काढली. कारभारींनी अण्णांचा जड पाय उचलून पलीकडं टाकला आणि त्यांना मागं नीट बसवलं. "घट्ट धरा," अंगद म्हणाला. अण्णांनी चांगल्या हातानं त्याचा खांदा धरला, आणि गाडी खड्डे चुकवत हळूहळू चावडीच्या रस्त्याला लागली.